'इन्व्हॅलिड डेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
एका मराठी अर्जासाठी चुकांचे संदेश लिहिते आहे. प्रोग्रॅम पायथन या संगणकभाषेत आहे. कोणी जन्मतारीख २९/०२/२०२३ अशी भरली की व्हॅल्यूएरर हे एक्सेप्शन (दिलेलं मूल्य चालत नाही म्हणून प्रोग्रॅम अडल्याची सूचना) येतं, ते पकडून पडद्यावर मराठी ओळ दाखवायची. सध्या तिथे 'अवैध दिनांक' आहे. हे बरोबर आहे का? आणि एक्सेप्शनला 'अपवाद' म्हणावं का? हेच शब्द पुढे प्रशिक्षणाच्या टिपणांतही जाणार आहेत.

प्रतिसाद १
'अमान्य दिनांक' करा. सरकारी अर्जांमुळे लोकांच्या ओळखीचा शब्द आहे.

प्रतिसाद २
'अवैध' नक्कीच नको. वैध म्हणजे विधीला, कायद्याला धरून असलेलं. अवैध वाळूउपसा, अवैध दारूविक्री या बातम्या वाचणाऱ्याला 'अवैध दिनांक' दिसला की आपल्या हातून गुन्हाच घडला असं वाटेल. 'अमान्य'मध्ये कोणीतरी विचार करून नाकारल्याचा भाव आहे: मागणी अमान्य, दावा अमान्य. २९ फेब्रुवारी २०२३ कोणी नाकारलेली नाही. ती तारीख नव्हतीच. मग तेच सांगा: 'ही तारीख अस्तित्वात नाही. २०२३ हे लीप वर्ष नव्हतं.' जावा या दुसऱ्या संगणकभाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) नेमकं हेच कारण आपल्या संदेशात देते, आणि मला ते फार आवडतं.

मुळात इंग्रजीतल्या 'इन्व्हॅलिड' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. एक, तारीख वाचताच आली नाही. जावाच्या लोकलडेट.पार्सला (मजकुरातून तारीख वाचणाऱ्या आज्ञेला) '२०२४-०२-२९' असं देवनागरी अंकांत दिलंत, तर वेगळं काही न सांगता तो ते वाचत नाही, डेटटाइमपार्सएक्सेप्शन फेकतो. तारीख खरी आहे, लिहिणारा बरोबर आहे, यंत्राला तेवढं कळलेलं नाही. तिथे माणसाची चूक दाखवणारा कोणताही शब्द अन्यायाचा आहे. 'तारीख वाचता आली नाही' म्हणावं आणि कशी लिहायची त्याचा नमुना द्यावा.

दोन, वाचता आली पण नसलेली तारीख. ती नाही हे कोणत्या दिनदर्शिकेनुसार, हेही पाहावं लागतं. आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत चैत्र एरवी ३० दिवसांचा आणि लीप वर्षी ३१ चा. म्हणजे ३१ चैत्र शके १९४५ ही तारीख नाही, ३१ चैत्र शके १९४६ मात्र आहे, २० एप्रिल २०२४ ला आलेली.

तीन, खरी तारीख पण इथे न चालणारी. जन्मतारीख पुढच्या वर्षीची भरली तर पायथन मुकाट्याने स्वीकारतो. एक्सेप्शन तुम्हालाच फेकावं लागतं. नियम तुमचा, नकारही तुमचा. इथे वरच्या प्रतिसादातला 'अमान्य' चपखल बसतो.

प्रतिसाद ३
चौथाही प्रकार आहे. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत डेटला (तारीख बनवणाऱ्या आज्ञेला) वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे देऊन २९ फेब्रुवारी २०२३ मागा, गुपचूप १ मार्च मिळतो. एक्सेप्शन नाही, काही नाही. याला मी 'सरकलेली तारीख' म्हणतो. वापरणाऱ्याला संदेश दिसतच नाही, म्हणून हा प्रकार मला सगळ्यांत घातक वाटतो.

प्रतिसाद २
'सरकलेली' उत्तम. टिपणांत नक्की घ्या.

'अपवाद'बद्दल: संस्कृत व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम आणि त्याला बाजूला सारणारा खास नियम म्हणजे अपवाद. मराठीतही 'नियमाला अपवाद' असंच म्हणतो. एक्सेप्शन हा नियम नसून घटना आहे: चालू काम थांबलं आणि प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेने गेला. 'अपवाद आला' हे कानाला परकं लागतं. काम करणारे सगळे 'एक्सेप्शन आलं' म्हणतात, नपुंसकलिंगी. तेच ठेवा. क्रियापदं मात्र मराठीत छान जमतात: फेकणे आणि पकडणे. पायथनच्या 'रेज'साठी काही जण 'उठवणे' लिहितात, पण मराठीत अफवा उठवतात, आवई उठवतात. तिथेही 'फेकणे'च बरं. आणि पकडून काहीच न करणं याला 'दाबून टाकणे' म्हणा, प्रकरण दाबतात तसं.

प्रश्नकर्ती
पटलं. पण अडचण अशी की स्ट्रपटाइम (मजकुरातून तारीख वाचणारी पायथनची आज्ञा) 'अबक'लाही व्हॅल्यूएरर फेकतो आणि २९/०२/२०२३ लाही. मग कोणता संदेश दाखवायचा हे कसं ठरवू?

प्रतिसाद ३
काम दोन पायऱ्यांत करा. आधी दिवस, महिना, वर्ष असे तीन आकडे वेगळे काढा. ते निघाले नाहीत तर 'वाचता आली नाही'. निघाले तर डेटटाइम.डेटला (आकड्यांतून तारीख बनवणाऱ्या आज्ञेला) द्या, तिथे व्हॅल्यूएरर आला की 'अस्तित्वात नाही'. आकडे काढायला इंट (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) वापरलंत तर देवनागरी अंकही चालतात, इंट('२९') चं उत्तर बरोबर २९ येतं. एक्सेप्टमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या ओळीत) व्हॅल्यूएररच लिहा, सगळंच पकडणारं मोकळं एक्सेप्ट नको, नाहीतर कोडमध्ये एखादं नाव चुकीचं टाइप झाल्याची तुमची स्वतःची चूकही वापरणाऱ्याच्या तारखेवर ढकलली जाईल.

प्रतिसाद १
'अमान्य' तिसऱ्या प्रकारापुरता, हे मान्य. पण संदेशात 'दिनांक' की 'तारीख'?

प्रतिसाद २
अर्जातल्या रकान्यावर जो शब्द छापला असेल तोच.