मदत हवी आहे: कृत्रिम हाताच्या बोटांवर सिलिकॉन टिकत नाही

मामांसाठी पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला हात बनवलाय. मनगट वाकवलं की दोऱ्या ताणून बोटं मिटतात. मोटर, बॅटरी काही नाही. अडचण एकच: स्टीलचा पेला सटकतो. म्हणून बोटांच्या टोकांना सिलिकॉनच्या टोप्या हव्यात.

आधी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, आठवड्यात सुटले. बाथरूमचं सिलिकॉन सीलंट जाड थरात आत ओलंच राहिलं (आणि घरभर व्हिनेगरचा वास, आईची बोलणी वेगळीच). मग दोन भागांचं प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन (दोन्ही भाग मिसळले की प्लॅटिनममुळे घट्ट होणारं) आणलं, कडकपणा शोअर २०ए, म्हणजे मऊ रबरासारखं. रेझिन प्रिंटरवर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून वस्तू बनवणारा) काढलेल्या साच्यात त्याचा पृष्ठभाग चिकटच राहिला. रेझिनमुळे ते नीट सेट होत नाही हे नंतर कळलं. पीएलएच्या साच्यात मात्र छान सेट झालं. म्हणजे माल चांगला आहे, प्रमाणही काट्यावर मोजून १:१च घेतलंय.

आता उरलेला घोळ: टोपी बोटावरून निसटते. सुपरग्लू, अराल्डाइट दोन्ही सिलिकॉनला धरत नाहीत. बोटाच्या टोकाला आरपार भोकं पाडून सिलिकॉन थेट त्यावर ओतायचा विचार आहे, म्हणजे ते भोकांत अडकून बसेल. पण बोट १४ मिमी जाड, त्यातून दोरीची नळीही जाते.

सिलिकॉनमधले बुडबुडे काढायला व्हॅक्यूम पंप नाही, बजेट दीड हजार. रविवार पेठेत बोहरी आळी पालथी घालून झाली.

भोकं किती मिमीची आणि किती ठेवू, की प्रायमर (सिलिकॉन धरावं म्हणून आधी लावायचा थर) लावून काम होईल? तो पुण्यात सुटा, कमी मापात कुठे मिळेल?