एमडीचा बोनस पर्यावरणाच्या आकड्यांना बांधावा का?

दांडियाबाजारकर:
काल एका लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल चाळत होतो (थोडे शेअर आहेत, डिव्हिडंड भाऊबीजेच्या ओवाळणीइतका). त्यात बीआरएसआर होता, म्हणजे सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा केलेला जबाबदारीचा अहवाल. पाणी किती ओढलं, सांडपाणी कुठे सोडलं, इंधन किती जाळलं, कामगार किती जखमी झाले, सगळं कोष्टकात. आणि एमडीचा बोनस कशावर? विक्री आणि नफा, बस्स. मग ही कोष्टकं वर्षअखेरीला एखादा ट्रेनी दहा एक्सेल फायली जोडून भरतो. माझं म्हणणं, बोनसचा पाव हिस्सा या आकड्यांना बांधा. एमडी आपल्या पायाने ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, चक्कर मारेल.

निवृत्त_सेफ्टीवाला:
भाऊ, बडोद्याजवळ नंदेसरीच्या कारखान्यांच्या बाजूला ३१ वर्षं सेफ्टीत काढली. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या प्लांटहेडचा इन्सेंटिव्ह अपघातांच्या आकड्याला बांधलेला होता. एका हेल्परचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी त्याच्या दारात. प्लॅस्टरसकट आणून टाइम ऑफिसात बसवला, चहा दिला, हजेरी लावली. कामाचा दिवस बुडाला नाही, म्हणजे 'लॉस्ट टाइम' अपघात झालाच नाही! गेटवरच्या फळीवर अपघातमुक्त दिवसांचा आकडा वाढतच राहिला. रजिस्टरवर सही माझी आहे. तो इन्सेंटिव्ह नसता तर पोरगा घरी झोपला असता.

अलकापुरीचा_सीए:
काकांशी सहमत. पर्यावरणाच्या आकड्यांतही पळवाटा आहेत. बीआरएसआरमध्ये पाणी आणि उत्सर्जन दर रुपया उलाढालीमागेही मांडतात. मालाचा भाव चढला की उलाढाल फुगते, धूर तेवढाच, आणि तीव्रता मात्र खाली. एमडीने काडीही न हलवता बोनस खिशात. दुसरी वाट याहून सोपी. सगळ्यात घाण प्रक्रिया जॉबवर्कला बाहेर द्यायची. आपलं स्कोप १, म्हणजे स्वतःच्या कारखान्यातलं उत्सर्जन, घटलं. पुरवठादाराकडचं उत्सर्जन जातं स्कोप ३ या वेगळ्या खात्यात, आणि ते सांगणं ऐच्छिक.

दांडियाबाजारकर:
नफाही शिजवतातच की. २००९ मध्ये खोटे हिशेब दाखवणाऱ्या सत्यम कंपनीचं काय झालं? म्हणून नफ्यावरचं कमिशन कोणी बंद केलं? तपासणी कडक केली. इथेही सेबीने २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर आणलं, मोजके आकडे बाहेरच्याकडून तपासून घ्यायचे, सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून. सीएसाहेब, तुमचाच धंदा वाढणार आहे, कुरकुर कसली?

अलकापुरीचा_सीए:
वाढू दे ना, मला नकोय का! पण तपासनीस रजिस्टर बघतो. मनगट कोणाचं मोडलं हे त्याला रजिस्टरच सांगणार.

पादऱ्याची_सून:
तुमचं सगळं एकेका कंपनीचं चाललंय. बडोद्याच्या कारखान्यांचा सांडपाण्याचा कालवा आमच्या तालुक्यातून खंभातच्या आखाताकडे जातो. त्यात कितीतरी कंपन्यांचं पाणी एकत्र. उद्या कोणाच्या बोरला लालसर पाणी लागलं तर बोनस कोणत्या एमडीचा कापणार? प्रत्येकाचा अहवाल आपापल्या गेटपर्यंत स्वच्छच असणार.

दांडियाबाजारकर:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीचं दुरुस्त करतो. उलाढालीचा भागाकार नको, मालाच्या टनामागे किती आणि एकूण किती, दोन्ही बघा. जखमांवर बोनस नको. मृत्यू झाला तर मात्र कापा, तो लपवणं तितकं सोपं नाही. आणि पैसे तीन वर्षं अडकवून ठेवा, खोटं निघालं तर जप्त.

निवृत्त_सेफ्टीवाला:
तीन वर्षांनी एमडी दुसऱ्या कंपनीत असतो हो.

दांडियाबाजारकर:
म्हणून तर पैसे आपल्याकडे ठेवायचे, काका!

निवृत्त_सेफ्टीवाला:
बरं, मग एक जोडा. बोनसच्या कागदावर युनियनचीही सही घ्या. मनगटाचं त्यांना त्याच दिवशी कळतं.

अलकापुरीचा_सीए:
युनियन? काका, तुमच्या त्या प्लांटवर आता अर्ध्याहून जास्त माणसं ठेकेदाराची आहेत.