फाइव्ह-जी आणि विमानाचा रेडिओ अल्टिमीटर : पट्टे वेगळे असूनही अडथळा कसा येतो?

लोहगावकर
नमस्कार. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2022 मध्ये कंपन्यांना कळवले होते की पुणे, नागपूर, दिल्ली, बेंगळुरू आणि गुवाहाटी या विमानतळांवर धावपट्टीच्या टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटर अंतरात 3.3 ते 3.6 गिगाहर्ट्‌झची फाइव्ह-जी केंद्रे उभारू नयेत. कारण विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचे दिले गेले. पण अल्टिमीटर 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्‌झवर चालतो. मुंबईत 91.1, 91.9 आणि 92.7 ही एफएम केंद्रे अवघ्या 0.8 मेगाहर्ट्‌झच्या अंतराने चालत असताना इथे 600 मेगाहर्ट्‌झही अपुरे कसे पडतात?

तरंगवेध
आपला प्रश्न रास्त आहे. अडथळा दोन वेगळ्या मार्गांनी येतो आणि चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिल्या प्रकारात प्रक्षेपकाची थोडी ऊर्जा नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर सांडते. तिचा बंदोबस्त प्रक्षेपकाकडेच करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात प्रक्षेपक आपल्या हद्दीतच असतो, पण संकेत ग्रहण करणाऱ्या यंत्राचे प्रवेशद्वार इतके रुंद असते की शेजारचा प्रबळ संकेत आत शिरून पहिल्याच प्रवर्धकाला (संकेत वाढवणाऱ्या भागाला) दडपून टाकतो. मग हवा असलेला क्षीण संकेत ओळखताच येत नाही.

अल्टिमीटरची खरी अडचण ही दुसरी आहे. तो जमिनीकडे सतत बदलत्या वारंवारतेचा संकेत सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीशी त्याची तुलना करून सुमारे 2500 फुटांपर्यंतची उंची सांगतो. प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो. शिवाय जुन्या अल्टिमीटरांची रचना झाली तेव्हा शेजारच्या पट्ट्यात मुख्यतः उपग्रहांचे दुबळे संकेत येत असत, त्यामुळे शेजारच्या वारंवारता अडवणारा कडक फिल्टर बसवण्याची निकड कोणाला भासली नाही. दिल्लीच्या दाट धुक्यात विमान आपोआप उतरवताना हेच उपकरण शेवटच्या काही फुटांचा हिशेब देते. म्हणून इथे थोडीही जोखीम मला मान्य नाही.

अमेरिकेत हा तंटा अधिक तीव्र झाला, कारण तिथे फाइव्ह-जीला 3.98 गिगाहर्ट्‌झपर्यंत जागा दिली गेली आणि मधले अंतर 220 मेगाहर्ट्‌झच उरले. 19 जानेवारी 2022 रोजी सेवा सुरू होताना एअर इंडियासह अनेक विमान कंपन्यांनी तिकडची काही उड्डाणे रद्द केली होती.

लोहगावकर
आभारी आहे. मग 2.1 किलोमीटरची अट कशासाठी, अल्टिमीटरच का सुधारत नाहीत?

तरंगवेध
दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी ऊर्जा चौथाईवर येते, त्यामुळे अंतराची अट तत्काळ लागू करता येते. प्रत्येक विमानात फिल्टर बसवणे किंवा अल्टिमीटर बदलणे हे प्रमाणपत्रांसह वेळखाऊ काम आहे. तरीही कायमचा उपाय तोच, असे माझे ठाम मत आहे.

केबल_नियंत्रणकक्ष
हाच त्रास जमिनीवर आम्हीही सोसतो. 3.7 ते 4.2 गिगाहर्ट्‌झवर उपग्रहवाहिन्या येतात, तर फाइव्ह-जीला 3.67 पर्यंत जागा मिळाली आहे. म्हणजे मध्ये केवळ 30 मेगाहर्ट्‌झ. अनेक जुने एलएनबी (डिशवर बसवलेले, आलेला संकेत वाढवणारे उपकरण) 3.4 पासूनच ऐकतात आणि सुमारे 36,000 किलोमीटरवरून आलेल्या संकेतापुढे जवळचा टॉवर प्रचंड प्रबळ ठरतो. तेव्हा एखादी वाहिनी अडखळत नाही, अख्ख्या डिशवरच्या वाहिन्या एकदम जातात.

फिल्टर फीडहॉर्न (डिशने गोळा केलेला संकेत आत घेणारे तोंड) आणि एलएनबी यांच्या मध्येच बसवावा. तो एलएनबीनंतर केबलवर लावणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत, पण तोवर एलएनबीतला प्रवर्धक दबून गेलेला असतो आणि पुढे कितीही गाळले तरी मूळ संकेत परत मिळत नाही. फिल्टरमुळे संकेत किंचित घटतो, तेव्हा लहान डिश असल्यास दिशा पुन्हा काटेकोर जुळवून घ्यावी.