निरीक्षण कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं?

टेस्टट्यूब: पाण्यात मेणबत्ती पेटवून वर ग्लास उपडा घालायचा, मग ती विझते आणि पाणी आत चढतं, हा प्रयोग सगळ्यांनी केलाय. भाच्याने जर्नलमध्ये निरीक्षणाखाली "ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं" असं लिहिलं, तर बाईंनी फुली मारली. हे अनुमान झालं एवढं मला कळतंय, पण नेमकी रेघ कुठे मारायची? थर्मामीटर बघून "तापमान ३७ आहे" लिहिलं तर ते काय?

लंबक: बाईंचं बरोबर आहे, ऑक्सिजन कुणाला दिसला? दिसलं एवढंच की ज्योत बारीक झाली, विझली, पाणी वर गेलं. आणि गंमत म्हणजे इथे अनुमानही गंडलंय. नीट बघा, ज्योत चालू असताना पाणी फारसं चढत नाही, कधीकधी तर काठाखालून बुडबुडे बाहेर येतात, आणि विझल्यावर मात्र पाणी झपकन चढतं, म्हणजे मुख्य काम गरम हवा थंड होऊन आकसण्याचं, शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते. पाणी "कधी" चढलं हे भाच्याने लिहिलं असतं तर त्यालाच शंका आली असती. साधा उपाय, वाक्यात "म्हणून" किंवा "कारण" आलं की ते अनुमानात टाका.

आकाशवेडा: "म्हणून" नसलं तरी फसायला होतं हो. गॅलिलिओने १६१२-१३ च्या हिवाळ्यात गुरूजवळचा एक ठिपका तारा समजून वहीत काढला, तो निघाला नेपच्यून! जागा टिपलेली होती म्हणून तर साडेतीनशे वर्षांनी लोकांना ओळखता आला.
ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाचं तर अजूनच भारी. युरेनस गणिताप्रमाणे चालत नाही हे दिसत होतं, त्यावरून त्याने पलीकडे ग्रह असणार असं मांडलं आणि १८४६ मध्ये बर्लिनला गाले या खगोलशास्त्रज्ञाला तो, म्हणजे हाच नेपच्यून, सांगितलेल्या जागेपासून साधारण एका अंशाच्या आत सापडला. मग बुधाची कक्षाही जुळेना, तिथेही गड्याने तीच युक्ती लावली, आत व्हल्कन नावाचा ग्रह असणार म्हणून. तो काही सापडला नाही. शतकाला ४३ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक मात्र खराच होता, १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने त्याचा हिशोब लागला.

टेस्टट्यूब: मस्तच, पण थर्मामीटरचं राहिलं की.

लंबक: काटेकोर बोलायचं तर "पारा ३७ च्या रेघेवर आहे" हे निरीक्षण. पण थर्मामीटरवर कुणाचा संशय नाही तोवर "तापमान ३७" खुशाल लिहा, दोन थर्मामीटर वेगवेगळं दाखवायला लागले की मग पाऱ्यावर या. भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डकडे गायगर आणि मार्सडेन हे त्याचे सहकारी अंधारात बसून पडद्यावर चमकणारे ठिपके मोजायचे, पण १९०९ च्या पेपरात त्यांनी अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारे) धातूच्या पत्र्यावर आदळून मागे फिरतात असंच सरळ लिहिलं, कारण ठिपका म्हणजे कण यावर तोपर्यंत कुणाचं भांडण उरलं नव्हतं. अणूला केंद्रक आहे हे अनुमान मात्र रदरफोर्डला १९११ मध्ये, वेगळं मांडावं लागलं.