रात्री १२८, सकाळी १५१: काहीही न खाता साखर वाढते कशी?

बकुळ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ५१ वर्षे असून मी कोथरूडला राहते. सहा आठवड्यांपूर्वी नेहमीच्या तपासणीत मला मधुमेह असल्याचे समजले. त्या वेळी उपाशीपोटीची साखर १५८, जेवणानंतर दोन तासांची २३६ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ७.९ होते. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत सुरू केली, आहार आणि चालणे यांविषयी सांगितले आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून यायला सांगितले. निदान ऐकून मी इतकी गांगरले होते की काहीच विचारायचे सुचले नाही.

त्यानंतर मी ग्लुकोमीटर विकत घेतला आणि वहीत आकडे लिहू लागले, परंतु त्या वहीनेच आता माझी झोप उडवली आहे. रात्री निजण्यापूर्वी १२८ असलेली साखर सकाळी सहा वाजता १५१ भरते, आणि मधल्या वेळेत मी पाण्याशिवाय काहीही घेतलेले नसते. रात्रीच्या जेवणातच काही चुकत असेल असे वाटून मी आधी भात सोडला, मग पोळी सोडली, आता केवळ ताक आणि कोशिंबीर घेते, तरीही सकाळचा आकडा हटत नाही. पर्वती भराभर चढून आल्यावर साखर कमी झालेली दिसेल अशी आशा होती, तर ती १५१ वरून १६८ झाली. एकदा शंका आली म्हणून दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा तपासले, तर १४३ आणि १५६ असे दोन निराळे आकडे आले. पोह्यांनंतर २१४, आणि संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीनंतर तर २४१.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ५४ किलो आहे. आमच्याकडे गोड फारसे होत नाही, त्यामुळे भेटेल तो नातेवाईक “तुला कसा काय मधुमेह झाला?” असेच विचारतो. यांपैकी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, आणि गोळी लागू पडत नाही असे समजायचे का, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

तळजाईकर

बकुळताई, मला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. सुरुवातीचे काही महिने मीही तुमच्यासारखाच सकाळच्या आकड्याला घाबरत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सकाळची साखर म्हणजे रात्रीच्या जेवणाचा निकाल, हा समज आधी मनातून काढून टाकावा. आपण झोपलेले असतानाही मेंदूला ग्लुकोज लागतेच, आणि ते पुरवण्याचे काम यकृत करते. यकृतात साठवलेले ग्लुकोज थोडेथोडे रक्तात सोडले जाते आणि काही नव्याने तयारही होते. पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन या संप्रेरकांचे प्रमाण वाढते, शरीर उठण्याच्या तयारीला लागते आणि यकृत अधिक ग्लुकोज सोडते. हे प्रत्येकाच्या शरीरात घडते. ज्याला मधुमेह नाही, त्याचे स्वादुपिंड त्याच क्षणी थोडे जास्त इन्सुलिन सोडून ही वाढ आवरून धरते. आपल्याकडे ते इन्सुलिन पुरेसे पडत नाही आणि यकृतही त्याचे नीट ऐकत नाही, म्हणून १२८ चे १५१ होतात. याला वैद्यकात पहाटेचा परिणाम म्हणतात.

तुमची गोळी नेमकी इथेच काम करते. मेटफॉर्मिन प्रामुख्याने यकृतातून होणारी ग्लुकोजची निर्मिती कमी करते, मात्र तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. शिवाय अनेक रुग्णांमध्ये डॉक्टर लहान मात्रेने सुरुवात करून पोटाला सोसेल तशी ती वाढवतात. त्यामुळे सहा आठवड्यांत १५८ वरून १५१ पर्यंत आलात, एवढ्यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. मात्रा वाढवायची किंवा नाही हे डॉक्टरच ठरवतील आणि त्यासाठी तुमची वही त्यांच्या फार उपयोगी पडेल.

रात्रीचे जेवण सोडण्याबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते की ते करू नका. मी दोन आठवडे रात्री फक्त काकडी-टोमॅटोवर काढले होते. सकाळचा आकडा जागचा हलला नाही आणि दुपारी जिना चढताना पाय लटपटू लागले. एक लहान भाकरी, वाटीभर आमटी किंवा उसळ, भाजी आणि कोशिंबीर असे जेवून नंतर सोसायटीच्या आवारातच पंधरा मिनिटे चाललात, तरी उपाशी राहण्यापेक्षा ते हिताचे ठरेल. चालताना पायांचे स्नायू रक्तातले ग्लुकोज ओढून घेतात आणि त्या कामासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

पर्वतीचे कोडेही यातूनच सुटते. दम लागेल असा चढ भराभर चढताना ॲड्रेनलिन वाढते आणि यकृत स्नायूंसाठी ग्लुकोज सोडते. तुम्ही उपाशीपोटी, पहाटेच्या वाढीच्या वेळीच चढलात, म्हणून उतरल्याबरोबर १६८ दिसले. ही वाढ तात्पुरती असते, आणि पुढचे कित्येक तास स्नायू ती साखर वापरत राहतात. पर्वती सोडू नका.

आता तपासण्याच्या पद्धतीविषयी. एकटा आकडा फार थोडे सांगतो, आकड्यांची जोडी मात्र पुष्कळ सांगते. जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा एकदा तपासा, आणि दोन्हींतील फरक लिहा. पोह्यांनंतरच्या २१४ चा अर्थ आधीची साखर १५० होती की १२० होती यावर अवलंबून आहे. गर्भवती नसलेल्या बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असे सर्वसाधारण उद्दिष्ट असते, परंतु वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते सैल किंवा कडक करतात.

पोह्यांबद्दल माझा अनुभव असा की ते पूर्ण सोडावे लागत नाहीत. ताटली निम्मी करून त्यासोबत वाटीभर मोडाची मटकी घेतली आणि मटकी आधी खाल्ली, तर वाढ बरीच कमी दिसते. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. ज्वारीची भाकरी मनसोक्त खाल्ली तरी चालते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, तेही बरोबर नाही. ज्वारीच्या पिठातले पिष्ट गव्हाच्या पिठातल्या पिष्टापेक्षा फारसे कमी नसते, म्हणून भाकऱ्या मोजूनच खाव्यात.

जुनी प्रयोगशाळा

मी तीस वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. तळजाईकरांनी शरीराचे सांगितले, मी यंत्राचे सांगते.

१४३ आणि १५६ हे दोन्ही आकडे एकाच वेळी ‘बरोबर’ असू शकतात. घरगुती ग्लुकोमीटरसाठी २०१३ चे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार साखर १०० किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा शंभरांपैकी ९५ वाचने प्रयोगशाळेच्या मूल्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आली तरी यंत्र मान्य होते. १०० पेक्षा कमी असेल तेव्हा ही मुभा १५ मिलिग्रॅमची असते. समजा तुमची खरी साखर १५० आहे, तर १२८ ते १७२ यांमधले कोणतेही वाचन या मर्यादेत बसते. त्यामुळे पाच-दहा अंकांच्या फरकाने आनंदही मानू नये आणि दुःखही करू नये. आठवडाभराची सरासरी कुठल्या दिशेने सरकते आहे, हे पाहावे.

तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करणे ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे होणारे घोटाळे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. आमच्या शेजारच्या आजींचा आकडा एकदा ३१२ आला आणि घरात एकच धावपळ उडाली. त्या आंबे चिरता चिरता उठून आल्या होत्या. हात धुऊन पुसल्यावर त्याच बोटाचा आकडा १७४ आला. बोट ओले राहिले तर उलट रक्त पातळ होऊन साखर कमी दिसू शकते. स्ट्रिपच्या डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, कारण दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचली तर दुखते कमी.

बोटाच्या रक्ताची तुलना प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्ताशी करताना वेळ लक्षात घ्यावी. उपाशीपोटी दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. जेवणानंतर मात्र बोटाचा आकडा अधिक येतो, कारण शिरेपर्यंत पोचेस्तोवर पेशींनी त्यातले काही ग्लुकोज घेतलेले असते. तसेच सकाळी अर्धा कप चहा, अगदी बिनसाखरेचा घेतला, तरी दुधात दुग्धशर्करा असते, म्हणून त्यानंतरचा आकडा उपाशीपोटीचा धरू नये.

आता एचबीए१सी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या काळात त्यांतील हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटले, हे ही तपासणी सांगते. तुमचे ७.९ म्हणजे त्या काळातली सरासरी साखर साधारण १८०. ७ असते तर सरासरी १५४ झाली असती. या आकड्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो, पण जुन्या पेशीही शिल्लक असतात. म्हणूनच डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावले आहे; आत्ता घाईने तपासणी केली तर तुमच्या कष्टांचे पुरते चित्र त्यात दिसणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम विचारते. तुमचे हिमोग्लोबिन किती आहे? तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमारास अनेकींना जास्त रक्तस्राव होतो आणि लोह कमी पडते. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, तर नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल तर ते कमी दिसू शकते. तुमचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडेही वाढलेले असल्यामुळे निदानाबद्दल शंका नाही, पण पुढच्या तुलनेसाठी हिमोग्लोबिन तपासून घेणे योग्य ठरेल.

रास्ता पेठ

सडपातळ माणसाला मधुमेह कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचेही २२.३ होते, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटाच्या आतली, जास्त असू शकते. ताई, तुमचे गुणोत्तरही त्याच्याच आसपास येते. नातेवाईकांना हे जरूर सांगा, आणि उपाशी राहून असलेले स्नायू घालवू नका, कारण जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंत जातो. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर असा ताकदीचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करावा.

बकुळ

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. साडेतीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

रात्री एक भाकरी, आमटी आणि भाजी घेऊन पंधरा मिनिटे चालते. गेल्या सात दिवसांची सकाळची सरासरी १३८ आली. उपाशी राहत होते तेव्हा ती १४९ होती. पोह्यांची जोडीही दोनदा तपासली. नेहमीच्या ताटलीने १३९ वरून २०६, म्हणजे ६७ ची वाढ झाली. निम्मी ताटली, आधी मटकी आणि नंतर थोडे चालणे, असे केल्यावर १३४ वरून १७१, म्हणजे ३७ ची. हिमोग्लोबिन ९.८ निघाले, त्यामुळे डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. जुनी प्रयोगशाळा यांनी विचारले नसते तर हे माझ्या ध्यानातही आले नसते.

एक प्रश्न उरला आहे. आषाढी एकादशीचा उपवास मी लग्नापासून करत आले आहे आणि तो सोडावा असे मनाला वाटत नाही. काय करावे?

तळजाईकर

आकडे वाचून फार आनंद झाला. उपवासाबद्दल आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता कमी असते, परंतु स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता कधीही उपवास करू नये. हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड अशी लक्षणे दिसली तर लगेच तपासावे. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

माझी पत्नी माझ्यासाठी एकादशीला काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, दही आणि राजगिऱ्याची एक छोटी भाकरी करते. भगर हलकी म्हणून लोक ताटभर खातात, पण तीही पिष्टच आहे, तेव्हा ती वाटीनेच घ्यावी. तुम्हाला खिचडी हवीच असेल तर अर्धी वाटी घ्या, दही आधी खा, आणि त्या दिवशी दोन तासांसोबत तीन तासांनीही एकदा तपासा, कारण तूप आणि दाणे असलेल्या पदार्थाची साखर काही जणांत उशिरा वर चढते. माझ्या वहीत खिचडीनंतर दोन तासांनी १८६ आणि तीन तासांनी २०३ असे आकडे आहेत. तुमचे काय येतात ते कळवा.