मदत हवी आहे: वळवाच्या रात्रीनंतर लॅपटॉपला केबलचं नेटवर्क दिसतच नाही (डेबियन १२)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात राहते. भिंती दीड-दोन फूट जाड आहेत. राऊटर पुढच्या खोलीत आणि माझी शिकवायची जागा माजघरात, त्यामुळे तिथे वायफायची जेमतेम एक रेघ येते. म्हणून दोन वर्षांपूर्वी तपकीर गल्लीतून वीस मीटर केबल आणून चौकटींवरून फिरवून घेतली. तेव्हापासून संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग केबलवरच चालतो. यंदा दहावीत जाणारी सात मुलं आहेत आणि सुट्टीत भूमिती सुरू केली आहे. प्रमेयाची आकृती काढताना मध्येच आवाज तुटला की पुढची पायरी मुलांच्या हातून निसटते. पुन्हा समजावताना मग निम्मा तास जातो.

मंगळवारी संध्याकाळी जोराचा वळीव आला, विजा कडाडल्या आणि रात्री उशिरापर्यंत लाइट नव्हते. बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. बुधवारी सकाळी चालू केला तर केबलचं नेटवर्क गायब. 'केबल जोडलेली नाही' असंही येत नाही. सेटिंगमधला 'वायर्ड' हा भागच उरलेला नाही, फक्त वायफाय दिसतं.

आतापर्यंत केलेलं: हीच केबल शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपला लावली, तिथे नेट चालतं. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड लॅन, म्हणजे केबलचं पोर्ट, एनेबल्ड आहे. टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' दिल्यावर फक्त एलओ (लॅपटॉपची अंतर्गत जोडणी) आणि डब्ल्यूएलपी२एस० (वायफाय) येतात. पूर्वी केबलची ईएनपी३एस० नावाची एक ओळ असायची, ती आता नाही.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी पोर्टाकडे बघूनच सांगितलं की केबलमधून वीज आली, लॅनची चिप जळली, मदरबोर्ड बदलावा लागेल, आठ हजार रुपये. लॅपटॉप आठ वर्षांचा आहे. चिप खरंच गेली असेल तर मी मान्य करीन, पण खात्री करून घेतल्याशिवाय एवढे पैसे घालायचा धीर होत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. लॅपटॉप चालू करताना पोर्टाजवळचा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि डेबियन पूर्ण उघडलं की विझतो. जळलेल्या चिपचा दिवा लागेल का?

विंडोज नाही, फक्त डेबियन १२ हे लिनक्स आहे. ते धाकट्या भावाने बसवून दिलं होतं. केबलसाठी त्याने तेव्हा काहीतरी वेगळा ड्रायव्हर टाकला होता एवढंच आठवतं. तो जहाजावर नोकरीला आहे, पुढचं बंदर येईपर्यंत त्याच्याशी बोलणं होणार नाही.

कळफलक:

ताई, मदरबोर्डाचं तूर्त बाजूला ठेवा. 'दिसत नाही' म्हणजे कोणाला दिसत नाही, हे आधी ठरवू. चिप मदरबोर्डावर पीसीआय एक्सप्रेसने जोडलेली असते. त्या जोडणीवर कर्नलला, म्हणजे डेबियनच्या गाभ्याला, चिप सापडणं ही पहिली पायरी. तिला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लोड होऊन ईएनपी३एस० तयार होणं ही दुसरी. 'आयपी लिंक' फक्त दुसऱ्या पायरीचा निकाल दाखवतं. ड्रायव्हर नसेल तर ठणठणीत चिपसुद्धा त्या यादीत येणार नाही.

पहिल्या पायरीसाठी 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या आणि 'इथरनेट कंट्रोलर' शब्द असलेली ओळ शोधा. तिच्याखालच्या दोन-तीन ओळीही इथे लिहा. फोटो नको, अक्षरं हवीत.

ओळच नसेल, किंवा असून शेवटी 'रेव्ह एफएफ' असेल, तर चिप उत्तर देत नाही असं समजायचं. तसं निघालं तर चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं आणि पुन्हा बघायचं. रिअलटेकच्या चिप कधीकधी अर्धवट झोपलेल्या अवस्थेत अडकतात, पूर्ण वीज तोडल्यावर जाग्या होतात.

धागाकर्ती:

ओळ आहे! जसं दिसतं तसं लिहिते:

०३:००.० इथरनेट कंट्रोलर: रिअलटेक सेमीकंडक्टर, आरटीएल८१११/८१६८/८४११ पीसीआय एक्सप्रेस गिगाबिट इथरनेट कंट्रोलर [१०ईसी:८१६८] (रेव्ह १५)

खाली 'सबसिस्टम' म्हणून एक ओळ आहे. वायफायच्या कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं दिसतं, तशी ओळ इथे नाही.

डोंगरवाट:

विजेबद्दल लिहितो, कारण हा प्रकार माझ्याकडे घडला आहे. मागच्या वर्षी कात्रजला आमच्या इमारतीवरून ओढलेल्या केबलमधून दणका आला, राऊटर आणि संगणकाचं लॅन पोर्ट दोन्ही गेलं. तेव्हा एलएसपीसीआयमध्ये इथरनेटची ओळच येत नव्हती. तुमची चिप स्वतःचं नाव, क्रमांक, आवृत्ती सगळं सांगते आहे. जळलेल्या चिपचं लक्षण असं नसतं. ज्यांनी नुसतं पोर्टाकडे बघून निदान केलं, त्यांनी ही एक कमांड द्यायला हवी होती. दिव्याबद्दलची तुमची शंकाही योग्यच होती.

आता तीन प्रश्न. त्या रात्रीआधी लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केव्हा केला होता? 'युनेम -आर' (चालू कर्नलचा क्रमांक) काय दाखवतं? आणि 'डीकेएमएस स्टेटस' (बाहेरचा ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी बसला आहे) काय म्हणतं? भावाने टाकलेल्या ड्रायव्हरचा धागा मला तिथे दिसतो आहे.

धागाकर्ती:

पूर्ण बंद? होळीच्या आधीपासून नाही. वर्ग संपला की झाकण मिटते, दुसऱ्या दिवशी उघडते. अपडेट मात्र आली की लगेच टाकते.

युनेम: ६.१.०-२१-एएमडी६४
डीकेएमएस: आर८१६८, ६.१.०-१८-एएमडी६४, इन्स्टॉल्ड

एकात २१ आहे आणि दुसऱ्यात १८. यातच काहीतरी आहे ना?

कळफलक:

यातच सगळं आहे. नीट सांगतो, म्हणजे पुन्हा झालं तर तुमचं तुम्हाला सोडवता येईल.

या चिपसाठी कर्नलमध्ये मुळातच एक ड्रायव्हर असतो, आर८१६९. भावाने त्याऐवजी रिअलटेकचा आर८१६८ बसवला, 'आर८१६८-डीकेएमएस' या पॅकेजमधून. हा ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो तुमच्याच लॅपटॉपवर नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस आपोआप करतं, पण त्याला त्या त्या कर्नलच्या हेडर फाइली (ड्रायव्हर बांधायला लागणारी कर्नलची माहिती) लागतात. भावाने त्या वेळी चालू असलेल्या १८ क्रमांकाच्या कर्नलच्याच हेडर टाकल्या असणार. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज टाकलं असतं तर पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर त्याच्या हेडरही आल्या असत्या. अपडेटमधून २१ आलं, त्याच्या हेडर आल्या नाहीत, म्हणून आर८१६८ बांधला गेला नाही.

मग कर्नलचा आर८१६९ पुढे का आला नाही? कारण त्या पॅकेजबरोबर मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या कमांडच्या) फोल्डरमध्ये एक फाइल येते. ती सांगते की ही चिप दिसली की आर८१६८ लाच बोलवा. तो अस्तित्वातच नाही, त्यामुळे चिपला कोणीच वाली उरला नाही.

आणि वीज. नवं कर्नल डिस्कवर येऊन पडलं होतं, पण तुम्ही रीस्टार्ट करत नसल्याने १८ च चालू होतं. मंगळवारी बॅटरी संपली आणि बुधवारी पहिल्यांदा २१ वर लॅपटॉप उठला. वळवाचा संबंध एवढाच.

आता परीक्षा. टर्मिनलमध्ये 'सुडो मॉडप्रोब आर८१६९' द्या. नाव घेऊन बोलावल्यावर ती फाइल आड येत नाही. केबल लावलेली असू द्या.

धागाकर्ती:

एंटर दाबलं आणि दोन-तीन सेकंदांत दिवा लागला! ईएनपी३एस० परत आलं, पत्ता मिळाला, हे मी केबलवरूनच लिहिते आहे. चार दिवस मी मोबाइल यूएसबीने जोडून वर्ग घेत होते. तो मार्गही चांगला आहे, डेबियनला त्यासाठी काही बसवावं लागलं नाही, फक्त रोजचा डेटा भूमितीच्या आकृत्यांत संपायचा.

आता हे कायमचं कसं करू? हेडर टाकू की भावाचा ड्रायव्हर काढू?

डोंगरवाट:

दोन्हींनी काम होईल. मी काढा म्हणेन. बाहेरचा ड्रायव्हर ठेवायचा तर कर्नल बदलताना दरवेळी तो बांधला गेला का, ही काळजी मागे राहते. आर८१६९ कर्नलबरोबरच येतो. भावाने तो का बदलला असेल याचा अंदाज आहे: झाकण मिटून उघडल्यावर केबल परत जोडली जात नाही, अशी तक्रार काही लॅपटॉपवर असते. तुम्ही रोज तेच करता, म्हणून ते तपासून बघा. तसं झालं तर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' टाकून आर८१६८ परत बसवता येईल.

धागाकर्ती:

'सुडो ॲप्ट रिमूव्ह आर८१६८-डीकेएमएस' दिलं, रीस्टार्ट केलं आणि केबल पुन्हा गायब! मॉडप्रोबने हाताने बोलावल्यावर येते. ड्रायव्हर काढला तरी हे का होतं?

डोंगरवाट:

हे मी आधीच सांगायला हवं होतं, माफ करा. 'रिमूव्ह' पॅकेज काढतं, पण ईटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली तशाच ठेवतं. आर८१६८ ला बोलावणारी ती फाइल अजून मॉडप्रोब.डी मध्ये बसून आहे. 'सुडो ॲप्ट पर्ज आर८१६८-डीकेएमएस' द्या, म्हणजे सेटिंगसकट निघेल, मग 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू' (सुरू होताना लागणाऱ्या फाइली नव्याने बनतात), आणि रीस्टार्ट.

धागाकर्ती:

झालं. दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं, दोन्ही वेळा केबल आपोआप आली. एलएसपीसीआयमध्ये आता 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: आर८१६९' दिसतं.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, आरटीएल_एनआयसी फोल्डरातली एक फर्मवेअर फाइल (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) सापडत नाही अशी ओळ होती. नेट चालत होतं, तरी 'फर्मवेअर-रिअलटेक' टाकून घेतलं (डेबियन १२ मध्ये ते नॉन-फ्री-फर्मवेअर या विभागात आहे) आणि ती ओळही गेली.

इथटूल ही कमांड केबलचा वेग १००० ऐवजी १०० एमबीपीएस दाखवते. काकूंच्या लॅपटॉपवरही तेच, म्हणजे केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असावी. गिगाबिटला (१०००) चारही लागतात, शंभरला दोन पुरतात. माझं इंटरनेट कनेक्शन चाळीस एमबीपीएसचं आहे, तेव्हा तपकीर गल्लीची फेरी सवडीने.

काल रात्री वर्ग संपल्यावर मुद्दाम झाकण मिटून ठेवलं. आज सकाळी उघडलं तर केबल जोडलेलीच होती. आठवडाभर रोज असंच बघीन आणि बिघडलं तर इथेच लिहीन. कळफलक, डोंगरवाट, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. भावाचा फोन आला की हेडरचं त्यालाही सांगते. त्याने हाच ड्रायव्हर मामांच्या लॅपटॉपवरही बसवला आहे.