फँटसी हॉकी: पुढच्या वर्षीचा पहिला पिक देऊ की ठेवू?

मिसिसागाकर: आमची बारा जणांची फँटसी लीग आहे: खऱ्या आइस हॉकी खेळाडूंचे कागदी संघ करायचे, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळतात. खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात, उन्हाळ्यात फक्त नवोदितांचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने निवड, होते. मी सहावी आहे आणि पहिले सहाच प्लेऑफला जातात. एकजण मला ३१ वर्षांचा चांगला सेंटर (मधला आक्रमक) देतोय, बदल्यात पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधला निवडीचा हक्क, हवाय. माझे विंगर (बाजूचे आक्रमक) तरुण आहेत, पण दोन्ही गोलकीपर पस्तिशीला टेकलेत. शुक्रवारी ट्रेड (अदलाबदल) बंद होतात. लेकाचा सराव चाललाय, रिंकच्या गारठलेल्या बाकावर तासभर आकडे मांडतेय, तरी मन ठरत नाही. काय करू?

जुना_ऑटवाप्रेमी: ताई, अटीशिवाय अजिबात देऊ नका. एनएचएल या खऱ्या आइस हॉकी लीगमध्ये, नोव्हेंबर २०१७ मध्ये आमच्या ऑटवा संघाने मॅट ड्युशेन या सेंटरसाठी पहिल्या फेरीचा पिक कोलोरॅडो संघाला दिला. पिक पहिल्या दहात आला तर तो ठेवून पुढच्या वर्षीचा द्यायचा, एवढी एक सोय ठेवली होती. २०१८ ला चौथा नंबर आला, तो ठेवला आणि ब्रेडी कचक हा नवोदित मिळाला. ती अट नसती तर तो गेला असता! पण पुढच्या मोसमात संघ तळाला गेला, तळाच्यांना वरचे पिक मिळतात, आणि २०१९ चा चौथा पिक कोलोरॅडोच्या हाती पडला. त्यांनी बोवेन बायरम घेतला, २०२२ मध्ये त्याने स्टॅनले कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा करंडक, उचलला. तोवर ड्युशेन ऑटवात राहिलाही नव्हता. अजूनही जीव हळहळतो.

कॅल्गरीचा_काका: दुसरी बाजूही बघा. टॅम्पा संघाने फेब्रुवारी २०२० मध्ये कोलमन आणि गुडरो या दोन खेळाडूंसाठी पहिल्या फेरीचे दोन पिक सोडले आणि २०२०, २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकले. पण तो संघ आधीच बलाढ्य होता. तुमचं तसं नाही. गोलकीपर ढेपाळले तर पुढच्या वर्षी तुम्ही दहाव्या-अकराव्या असाल, आणि समोरच्याला नेमका तोच पिक हवाय. यंदाचा देऊन बघा, तो फार तर मधला जाईल.

मिसिसागाकर: गोलकीपरचा हा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. आत्ताच मेसेज टाकला: यंदाचा पिक घे, नाहीतर पुढच्या वर्षीचा, पण पहिल्या तिनात आला तर माझ्याकडेच राहील. तो उद्या सकाळी सांगतो म्हणाला.

जुना_ऑटवाप्रेमी: अट कमिशनरकडे, म्हणजे तुमची लीग चालवणाऱ्याकडे, लेखी नोंदवून घ्या.